दुसऱ्या पॉलिसीचं राहू द्या, आधी तो ‘नाही’ खोडा

भुसावळहून मालगाडीच्या एका लोको पायलटचं पत्र आलं आहे. वय 47, नोकरी 2002 पासून. एजंटच्या सांगण्यावरून त्यांनी वर्षाला 1 लाख 20 हजार हप्त्याची पॉलिसी घेतली. 13 वर्षं भरायचे, साठीला ‘साधारण 22 लाख’, विमा 12 लाखांचा. कागद मागच्या आठवड्यात हाती आले. तशीच दुसरी पत्नीच्या नावावर घेऊ का, असं ते विचारतात. शेवटी जाता जाता लिहितात: ‘महिन्यातले वीसेक दिवस रात्री एक क्वार्टर होते, पण घरीच. ड्युटीआधी लॉबीत ब्रेथलायझरमध्ये कधी सापडलो नाही. बीपीची गोळी बाहेरच्या डॉक्टरची, रेल्वे हॉस्पिटलात नोंद नको म्हणून. फॉर्मवर एजंटने दोन्हींपुढे ‘नाही’ लिहिलं.’

दुसरी पॉलिसी घेऊ नका. 15 लाख 60 हजार भरून 22 लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम 5 टक्के. तुम्ही 2004 च्या आधीचे, तुम्हाला रेल्वेचा भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आहे. तिथे 7.1 टक्क्यांनी तेवढ्याच पैशांचे 25 लाखांच्या आसपास होतात. एजंट हे सांगणार नाही. पीएफमध्ये त्याला कमिशन नाही.

पण तुमचं घर धोक्यात आहे ते त्या दोन ‘नाहीं’मुळे. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत कंपनी खोट्या माहितीवरून दावा नाकारू शकते. छातीत कळ येऊन दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारतात, घाबरलेली बायको खरं सांगते आणि ते केसपेपरवर उतरतं. कंपनी तोच कागद मागते. पगार खात्यावरचा अपघात विमा हार्ट अटॅकला लागू होत नाही.

ब्रेथलायझरवर विसंबू नका. तो त्या क्षणाचा श्वास मोजतो, हृदय नाही. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर तासाला सातेक ग्रॅम जाळतं. रात्री दहाला संपवली तरी सकाळी सहा-साडेसहापर्यंत ती रक्तात राहू शकते. पहाटे पाचला साइन ऑन, म्हणजे ड्युटीची हजेरी असेल, तर हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या जिवाचा उरत नाही. वर्षानुवर्षं एवढी घेतल्यावर बीपी चढतो, हृदयाचा स्नायू सैल पडून फुगतो, ठोके अनियमित होऊन गुठळी मेंदूत जाऊ शकते. त्यात रात्रपाळी आणि तुटकी झोप.

पंचेचाळिशीनंतर पीएमई, म्हणजे रेल्वेची ठरावीक वैद्यकीय तपासणी, दर दोन वर्षांनी असते. तिथे हृदय खराब निघालं तर मेडिकल डी-कॅटेगरी होते, म्हणजे इंजिन चालवायला अपात्र ठरवतात. पर्यायी नोकरी मिळते, वेतनाला संरक्षण असतं, पण मायलेज, म्हणजे गाडी चालवण्याचा भत्ता, जातं. महिन्याला 15 हजार कमी झाले असं धरा: 13 वर्षांत 23 लाख. ज्या 22 लाखांसाठी हप्ता भरताय, त्याहून जास्त. उलट बीपी गोळ्यांनी ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी इंजिनावरून उतरवत नाही. लपवण्यात फायदा काहीच नाही.

रेल्वे रुग्णालयात जा, प्रमाण खरं सांगा. ईसीजी, टू-डी एको, लिपिड आणि यकृतासाठी जीजीटी करून घ्या. दारू मनानेच एकदम बंद करू नका. रोजच्यासारखी घेणाऱ्याला दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. औषधांच्या आधाराने थांबवा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत.

सहा महिन्यांनी रिपोर्ट सुधारले की साठीपर्यंतचा 1 कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा) मागा, सगळं खरं लिहून. हप्ता जास्त लागेल किंवा थांबायला सांगतील. तो हप्ता द्यावा, वाट बघावी लागली तर बघावी. क्वार्टरचे महिन्याला वाचणारे चारेक हजार पीएफमध्ये वाढवा.

आणि हातातली पॉलिसी परत करा. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांचा फ्री-लुक काळ, म्हणजे पॉलिसी परत करण्याची मुदत, असतो. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विमा कापून बाकी पैसे मिळतात. अर्ज लेखी, कंपनीच्या शाखेत स्वतः द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. एजंटच्या हाती देऊ नका. ‘बघतो, करतो’ म्हणत तो तिसावा दिवस उलटू देईल.