वाचकांचे प्रश्न : दुकानाची वही आता कोणाकडे असते?

मोबाइलवरून होणाऱ्या देवघेवीविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : तासगावजवळच्या गावात आमचे वडिलोपार्जित किराणा दुकान आहे. आता निम्म्याहून अधिक विक्रीचे पैसे स्कॅनरवरून थेट बँकेत जातात. सुट्ट्यांची कटकट मिटली, हे खरे. पण रोज कोणी ना कोणी कर्ज देण्यासाठी फोन करते, आणि कर्नाटकातील दुकानदारांना कराच्या नोटिसा आल्याचे वाचल्यापासून धास्ती वाटते. स्कॅनर काढून टाकावा का?

उत्तर : काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपली धास्ती निराधार नाही, म्हणून तिचे मूळ आधी पाहू.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा बाद ठरल्या. एरवी ज्या बदलाला एक पिढी लागली असती तो या तीन घटना एकाच वर्षात घडल्यामुळे काही वर्षांत घडून आला. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवरील व्यवहारांची संख्या प्रथमच महिन्याला १००० कोटींच्या पुढे गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिने २००० कोटींचा टप्पा ओलांडला. तरीही रोकड संपलेली नाही. नोटाबंदीच्या आधी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांच्या हाती होते, ते २०२४ पर्यंत जवळजवळ दुप्पट झाले. लोक रोज लागणारे लहान खर्च फोनवरून करतात आणि अडीअडचणीसाठी घरात नोटा राखून ठेवतात. आपल्या गल्ल्यात नोटा कमी दिसतात, म्हणून त्या गावातून नाहीशा झाल्या असे समजू नये.

आता कर्जाच्या फोनविषयी. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदाराकडून बँकेने शुल्क घेणे बंद झाले. ही यंत्रणा चालवण्याचा खर्च मात्र होतच राहिला. त्याचा काही भाग सरकारी प्रोत्साहन अनुदानातून निघतो, आणि उरलेल्यासाठी ॲप चालवणाऱ्या कंपन्या उत्पन्नाचे दुसरे मार्ग शोधतात. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणाऱ्या साउंडबॉक्सचे भाडे हा त्यांतील एक मार्ग आणि दुकानदाराला कर्ज मिळवून देणे हा दुसरा. आपल्याकडे दिवसाला किती गिऱ्हाईक येते, महिन्याच्या अखेरीस विक्री किती घटते, सणाच्या आठवड्यात किती वाढते, हे सारे त्या नोंदींवरून कळते. पूर्वी बँकेत कर्ज मागायला गेलेल्या किराणा दुकानदाराकडे तारण आणि ताळेबंद मागितला जाई आणि दोन्ही नसल्याने तो रिकाम्या हाताने परत येई. आज त्याची रोजची विक्री हाच त्याची पत असल्याचा पुरावा ठरतो, आणि हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो.

परंतु यात एक गोष्ट उलटी झाली आहे. आपल्या वडिलांची उधारीची वही दुकानाच्या गादीखाली असे. गावातील कोणाकडे किती येणे आहे हे त्यांना ठाऊक असे आणि त्यांचा स्वतःचा धंदा किती चालतो हे मात्र बाहेरच्या कोणाला नेमके कळत नसे. आजच्या वहीत आपल्याच दुकानाचा हिशेब आहे आणि ती आपल्या गादीखाली नाही. यूपीआयवरील सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून होतात. कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा नियम यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२० मध्येच केला होता. त्याच्या अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली आहे. ही मुदतवाढ मला योग्य वाटत नाही, कारण वही दोघांच्याच हाती असेल तर भाड्याचा आणि कर्जाचा भाव पुढे तेच ठरवू शकतील.

कराचा मुद्दा त्यामानाने सरळ आहे. कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमा रकमांवरून लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या, आणि बंगळूरमधील अनेक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. वास्तविक नोंदणीची मर्यादा वर्षभराच्या एकूण उलाढालीवर ठरते. केवळ वस्तू विकणाऱ्यासाठी आपल्या राज्यात ती ४० लाख रुपये आहे, मग पैसे रोख आलेले असोत वा फोनवरून. अडचण बहुधा होते ती मिसळीमुळे. मेहुण्याने परत केलेले उसने पैसे, भिशीची रक्कम, मुलाने शहरातून पाठवलेला घरखर्च आणि दुकानाची विक्री हे सारे एकाच खात्यात पडले, की बाहेरून पाहणाऱ्याला ती सगळी विक्रीच वाटते. म्हणून दुकानासाठी चालू खाते वेगळे उघडावे आणि दुकानातील स्कॅनर फक्त त्याच खात्याला जोडावा. आयकरात तर फोनवरून पैसे घेणाऱ्याला सवलतच आहे : अंदाजित उत्पन्नाची योजना स्वीकारणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा नफा रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के धरला जातो, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर तो ६ टक्केच धरला जातो. गावातील कर सल्लागाराला हे एकदा आपल्या आकड्यांसह विचारून घ्यावे.

उधारीविषयी आपण काही लिहिलेले नाही, तरी एक सांगावेसे वाटते. फोनने पैसे देता येतात म्हणून गिऱ्हाइकाची उधारी थांबलेली नाही, कारण शेतमजुराला आठवड्याने आणि नोकरदाराला महिन्याने पैसे मिळतात हे फोनमुळे बदललेले नाही. आपले गिऱ्हाईक मोठ्या साखळी दुकानाकडे न वळता आपल्याकडे येते त्यामागे ही वहीच आहे. स्कॅनर असू द्यावा आणि वहीही जपावी.

प्रश्न : मी रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकते. एकाने फोन करून ऑर्डर दिली आणि ‘पैसे पाठवतो, तुम्ही पिन टाका’ म्हणाला. मुलीने वेळीच थांबवले. पैसे घेतानाही पिन टाकावा लागतो का?

उत्तर : नाही, ताई. पिन लागतो तो पैसे देताना किंवा खात्यातील शिल्लक पाहताना. पैसे येताना पिनही टाकावा लागत नाही आणि कोणताही कोड स्कॅनही करावा लागत नाही. जो कोणी पैसे देण्यासाठी आपला पिन मागतो तो फसवायलाच आलेला आहे. चुकून पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यात थांबवता येतात ते सुरुवातीच्या काही तासांतच, म्हणून लाजेने किंवा घरच्यांच्या भीतीने गप्प बसू नये. आपल्या मुलीचे मनापासून कौतुक.

प्रश्न : मी नाशिकला महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थी म्हणतात की फोनमुळे खर्च वाढतो. याला काही आधार आहे, की हे वडीलधाऱ्यांचे नेहमीचे बोलणे आहे?

उत्तर : आधार आहे, पण तो जपून वापरावा. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकी विद्यापीठातील अभ्यासकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांच्या बोली रोख देणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाल्या. पण क्रेडिट कार्डात पैसे नंतर द्यायचे असतात, आणि यूपीआयमध्ये ते त्याच क्षणी स्वतःच्या खात्यातून जातात; त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. हातातून नोट सुटताना मनाला जे टोचते ते टोचणे कमी होते, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

माझ्या मते खर्च वाढण्याचे मोठे कारण पैसे देण्याच्या रीतीपेक्षा दुकानाच्या मांडणीत आहे. न मागता टोपलीत भरलेली वस्तू, ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई, सहज सुरू होणारी आणि बंद करताना दमवणारी वर्गणी, अशा १३ क्लृप्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई करून नोंदवल्या आहेत. त्यांविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आपल्या विद्यार्थ्यांना आठवडाभर स्वतःच्या फोनवर या क्लृप्त्या शोधायला सांगावे. वर्गातील व्याख्यानापेक्षा त्यातून अधिक हाती लागेल.

ग्राहक नेहमी ओढलाच जातो असेही समजू नये. ‘वस्तू हातात पडल्यावर पैसे’ ही रीत भारतीय ऑनलाइन दुकानांनी स्वीकारली ती येथील माणूस न पाहिलेल्या मालाचे पैसे आगाऊ द्यायला तयार नव्हता म्हणून. माल परत येण्याचा आणि रोकड गोळा करण्याचा सारा खर्च त्यांनी सोसला, कारण गिऱ्हाइकाचा अविश्वास त्यांना मोडता आला नाही.

प्रश्न : विकसनशील देशांतील मोबाइल व्यवहारांचा विषय निघाला की केनियाच्या एम-पेसा या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचे उदाहरण दिले जाते. त्याने गरिबांचे खरोखर भले झाले का, आणि ते आपल्याकडे का रुजले नाही? (पुणे)

उत्तर : ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द म्हणजे आपला पैसाच, हिंदी महासागरावरील व्यापाराबरोबर तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. सफारिकॉम या दूरसंचार कंपनीने मार्च २००७ मध्ये ही सेवा सुरू केली. नैरोबीत काम करणारा माणूस गावी पैसे पाठवायचा तो बसचालकाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती; मुंबईच्या गिरणीतून कोकणात येणाऱ्या मनिऑर्डरवर ज्यांची घरे चालली त्यांना ही गरज समजावून सांगावी लागणार नाही. एम-पेसाला बँकेचे खाते लागत नव्हते आणि स्मार्टफोनही लागत नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोकड द्यायची, ती साध्या फोनमध्ये जमा व्हायची, आणि गावाकडच्या दुकानात तिची पुन्हा रोकड व्हायची.

भले झाले, याला चांगला पुरावा आहे. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या सेवेमुळे केनियातील सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे एकूण कुटुंबांपैकी २ टक्के, अतिदारिद्र्यातून बाहेर आली. परिणाम अधिक दिसला तो स्त्रिया चालवत असलेल्या घरांत. सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया पोटापुरत्या शेतीतून लहानमोठ्या धंद्याकडे वळल्या. स्वतःच्या फोनमधील शिल्लक स्वतःच्याच ताब्यात राहते, ही गोष्ट बाईच्या दृष्टीने किती मोठी आहे हे आपल्याकडील बचत गटांत काम केलेल्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे व्होडाफोनने २०१३ मध्ये एम-पेसा आणले आणि काही वर्षांनी बंद केले. रिझर्व्ह बँकेने पैशाचा व्यवहार बँकांच्या चौकटीत ठेवण्याचा आग्रह धरला होता, आणि केनियात सफारिकॉमचे होते तसे एकाच कंपनीचे वर्चस्व येथील मोबाइल बाजारात नव्हते. पुढे यूपीआयने कोणत्याही बँकेतून कोणत्याही बँकेत आणि कोणत्याही ॲपवरून पैसे पाठवण्याची सोय दिली, तेव्हा एका कंपनीच्या जाळ्याची गरजच उरली नाही. ही आपली निवड मला अधिक चांगली वाटते. फक्त ज्याच्याकडे स्मार्टफोन किंवा खाते नाही त्याच्यापर्यंत एम-पेसा आधी पोहोचले होते, हे मान्य केले पाहिजे.

केनियाकडून शिकण्यासारखा दुसरा भाग पुढचा आहे. २०१२ मध्ये तेथे एम-श्वारी ही सेवा आली आणि फोनवरच्या नोंदींवरून काही क्षणांत लहान कर्ज मिळू लागले. महिनाभराच्या कर्जावर शुल्क होते ७.५ टक्के. शेकडा साडेसात दरमहा म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ९० टक्के. आपल्याकडे असा दर ऐकला तर लोक त्याला सावकारी म्हणतील. मागोमाग कर्ज देणाऱ्या ॲपची रीघ लागली, कर्जदाराच्या नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करण्याचे प्रकार झाले, आणि अखेर २०२२ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेला परवान्याचे नियम आणावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनेही डिजिटल कर्जाचे नियम जाहीर केले, कारण येथेही तेच घडत होते.

तासगावच्या दुकानदारांनाही हे नियम उपयोगी पडतील. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, मधल्या कोणाच्या खात्यातून फिरून नव्हे. सर्व शुल्क धरून वर्षाचा दर किती पडतो हे लिहिलेले पत्रक आधी मिळाले पाहिजे. ॲपला फोनमधील संपर्कयादी किंवा फोटो पाहण्याचा अधिकार नाही. कर्ज घेतल्यावर मन बदलले, तर ठरवून दिलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा खर्च देऊन ते दंडाशिवाय परत करता येते. फोन करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा : पैसे देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती? तिचे नाव सांगता आले नाही, तर बोलणे तेथेच थांबवावे.