चादरी उडाल्या त्याचं काय?

प्रश्न: सर, जादुई वास्तववाद हा शब्द हल्ली सारखा वाचनात येतो. पण आपल्या पुराणांतही माणसं उडतात की, मग तेही तेच का? आणि मुळात हे चित्रकलेतलं आहे की साहित्यातलं?
- एक वाचक, मिरज

उत्तर: दुसऱ्याचं आधी सांगतो. शब्द चित्रकलेतलाच. १९२५ साली फ्रान्झ रो या जर्मन समीक्षकाने तेव्हाच्या नव्या चित्रांसाठी तो वापरला आणि त्या चित्रांत कुणी उडत बिडत नाही हं, अलेक्झांडर कानोल्टची चित्रं बघा, टेबल, कुंडीतलं झाड, एखादं भांडं, बस, पण इतकं रेखीव आणि इतकं स्तब्ध की रोजचीच वस्तू आपण पहिल्यांदा बघतोय असं वाटतं. १९२७ला रोचं लिखाण स्पॅनिशमध्ये आलं आणि पुढे शब्द लॅटिन अमेरिकेत जाऊन साहित्याचा झाला, म्हणजे रोजच्या साध्या जगण्यात अशक्य गोष्ट घडते आणि ती अगदी सहज सांगितली जाते अशा लिखाणाचा.

आता पुराणांचं. तिथे देव असतो, चमत्कार अपेक्षितच असतो, आपण हात जोडतो. याउलट मार्केझ या कोलंबियन कादंबरीकाराच्या १९६७च्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये रेमेडिओस ही तरुणी अंगणात चादरींच्या घड्या घालताना चादरींसकट आकाशात जाते आणि घरातली फर्नांडा नंतर देवाकडे काय मागते, तर माझ्या चादरी परत दे! मला तर ती उडण्यापेक्षा या चादरी जास्त खऱ्या वाटतात. तसंच रक्ताचं. गोळी लागलेल्या मुलाचं रक्त रस्ते ओलांडत, वळणं घेत आईच्या घरी येतं, गालिचे खराब होऊ नयेत म्हणून भिंतीच्या कडेकडेने, आणि स्वयंपाकघरात पोचतं तेव्हा आई पावासाठी ३६ अंडी फोडायच्या बेतात असते. ३६ हा आकडाच बघा ना, अगदी कानोल्टच्या कुंडीसारखा.

पण खरी जादू मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. १९२८ला कोलंबियात सिएनागा इथे केळीच्या कंपनीच्या संपकरी कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या, हे खरंच घडलंय. कादंबरीत त्यातून वाचलेला माणूस पावसात चालत गावी परततो, पहिल्याच घरात शिरतो, चुलीपाशी मूल कडेवर घेतलेली बाई असते. तीन हजार तरी मेले असतील, तो सांगतो. ती त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघते आणि म्हणते, इथे कुणी मेलेलं नाही. रेमेडिओस आकाशात गेली हे मात्र गावातल्या बहुतेकांना पटलेलं असतं, मेणबत्त्यासुद्धा लावलेल्या असतात.