गच्चीवर रॉकेटचा तुकडा पडला, तर भरपाई कुणाकडे मागायची?

बोरिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी विचारतायत: गच्चीवर सोलर पॅनल बसवायची चर्चा चालू होती, तेव्हा एका सभासदाने शंका काढली की हल्ली रॉकेटचे तुकडे पडतात, तसं झालं तर नुकसान कोण भरून देणार? आणि पडलेला तुकडा सोसायटीचा होतो का? सभेत प्रश्न हसण्यावारी गेला म्हणतात. तुम्ही तो इथे मांडलात हे बरं केलं. मी 26 वर्षं फोर्टमध्ये विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतोय आणि त्यातूनच अंतराळ कायद्याच्या नादी लागलो.

हसण्यासारखं यात काही नाही. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. आकाशातून जळत जाणाऱ्या रेषांचे व्हिडिओ घरोघर फिरत होते आणि तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. आसपासच्या शिवारात गोळेही सापडले. तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा वरचा टप्पा असावा, असं अभ्यासकांचं मत पडलं. माणसं वाचली, घरं वाचली, म्हणून भरपाईचा विषयच निघाला नाही.

समजा निघाला असता. 1967 चा अंतराळ करार सांगतो की अवकाशात पाठवलेल्या वस्तूची जबाबदारी देशाची, मग ती खासगी कंपनीने पाठवलेली का असेना. 1972 च्या दायित्व करारात याचे तपशील आहेत. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं, तर चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. तुकडा त्यांचा आणि नुकसान त्यामुळे झालं, एवढं दाखवलं की पुरे. दोन उपग्रह वरच्या वर एकमेकांवर आपटले तर मात्र चूक दाखवावी लागते.

पण या कराराखाली दावा लावतं सरकार. तुमची सोसायटी बीजिंगला पत्र लिहू शकत नाही. दिल्लीतून परराष्ट्र मंत्रालयामार्फत मागणी जायला हवी, आणि तीही नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कोणता हे कळल्यापासून एका वर्षाच्या आत. सरकारने मनावर घेतलं नाही, तर रॉकेट सोडणाऱ्या देशाच्या न्यायालयात स्वतः दावा लावायची मोकळीक करार ठेवतो, एवढंच. आजवरचं ठळक उदाहरण कॉसमॉस 954 चं. अणुभट्टी असलेला हा सोव्हिएत उपग्रह जानेवारी 1978 मध्ये कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशावर विखुरला. कॅनडाने किरणोत्सारी तुकडे शोधण्या-उचलण्याचे सुमारे 60 लाख कॅनेडियन डॉलर मागितले. एप्रिल 1981 मध्ये 30 लाखांवर तडजोड झाली. निम्मे, आणि तीन वर्षांनी.

आता मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट. दायित्व कराराच्या सातव्या कलमानुसार, रॉकेट सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही. म्हणजे श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आपल्या रॉकेटचा तुकडा बोरिवलीत पडला, तर हा करार तुमच्या उपयोगाचा नाही. 2023 च्या जुलैमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा दंडगोल वाहून आला. त्याने तिथे कुणाचं घर मोडलं असतं, तर त्या घरमालकासाठी भारत बिनशर्त बांधील होता. तेच घर मुंबईत असतं तर नाही. मार्च 2024 मध्ये फ्लोरिडात असंच घडलं. अवकाश स्थानकातून टाकून दिलेल्या सामानाचा पाऊण किलोचा तुकडा छप्पर आणि मजला भेदून गेला. त्या कुटुंबाने नासाकडे सुमारे 80 हजार डॉलरचा दावा लावला. त्यांच्या वकिलांचं म्हणणं होतं की परक्याला जे देणं लागतो ते आपल्या माणसालाही द्या. मला ते शंभर टक्के पटतं.

आपल्याकडे अंतराळ विधेयकाचा मसुदा 2017 मध्ये आला, 2023 मध्ये अंतराळ धोरण आलं, खासगी कंपन्यांना इन-स्पेस या सरकारी संस्थेकडून परवानगी मिळते. पण नुकसान झालेल्या नागरिकाने कुठे जायचं आणि किती दिवसांत पैसे मिळायचे, हे सांगणारा कायदा अजून नाही. मग उरतो दिवाणी दावा. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ओलियम वायुगळती प्रकरणात डिसेंबर 1986 मध्ये धोकादायक उद्योगांवर संपूर्ण दायित्व टाकलं. त्याचा आधार घेता येईल, पण एका गच्चीसाठी कुणाला तिथवर झगडावं लागू नये.

म्हणून आधी तुमच्या सोसायटीच्या विम्याचे कागद काढा. जुन्या फायर पॉलिसीत 'एअरक्राफ्ट डॅमेज' या कलमाखाली विमानाबरोबर 'स्पेस डिव्हाइसेस' आणि त्यांतून पडलेल्या वस्तूंचाही उल्लेख असतो. लोक ते कलम वाचत नाहीत, मी ते बोट ठेवून दाखवतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत बाहेरच्या कुठल्याही वस्तूच्या धडकेचं नुकसान येतं. किरणोत्साराने झालेलं नुकसान मात्र सहसा वगळलेलं असतं. आणि सोलर पॅनल बसवलीत तर ती विमा रकमेत वाढवून घ्या, नाहीतर गच्चीचे पैसे मिळतील आणि पॅनलचे राहतील.

तुकडा तुमचा होत नाही. भाऊच्या धक्क्यावर विचारा, संकटातलं जहाज वाचवून आणणाऱ्याचा मोबदला ठरलेला असतो. अवकाशातल्या वस्तूला तसा नियम नाही. ती कुठेही पडो, मालकी मूळ मालकाचीच राहते आणि त्या देशाने मागितली की परत करावी लागते. हात तर लावूच नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. महापालिकेच्या आपत्ती कक्षाला 1916 वर आणि पोलिसांना कळवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

चुनाभट्टीच्या एका चाळीत शेजारच्या बांधकामावरून लोखंडी पाइप पत्र्यावर पडला होता. संध्याकाळपर्यंत ठेकेदाराची माणसं पाइप उचलून घेऊन गेली, रहिवाशांनी नवा पत्रा ठोकला. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर बघायला काहीच शिल्लक नव्हतं. दावा चौदा महिने अडकला. तुमच्या गच्चीवर काहीही पडलं, तर झाडू फिरवण्याआधी लांबूनच फोटो काढा, चारही बाजूंनी, तारीख-वेळ दिसेल असे. दिल्लीपर्यंत जाणारा कागद तिथूनच सुरू होतो.