‘रीरेकॉर्ड करणे’ म्हणजे नक्की काय? आजोबांच्या गाण्याची कॅसेट मोबाइलवर घ्यायची तर हाच शब्द वापरायचा का?

नाही. शब्दकोशात ‘पुन्हा ध्वनिमुद्रित करणे’ मिळेल, पण ते गाणारा पुन्हा माइकसमोर बसला तरच. तुम्हाला हवंय ते ‘उतरवून घेणं’. जुन्या कॅसेटवर नवं ‘भरणं’ हा तिसराच प्रकार, त्यात आधीचं पुसलं जातं. सिनेमावाले संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र मिसळतात त्यालाही रीरेकॉर्डिंग म्हणतात, ते त्यांच्यापुरतं.

‘गिऱ्हाइकाला काय, सगळं एकच’ असं कॅसेट उतरवून देणाऱ्या आमच्याच धंद्यातले लोक म्हणतात. साफ चूक. इथे ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या एका घरातली गाण्याच्या बैठकीची सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, दुकानात गेली, पावतीवर नुसतं ‘रीरेकॉर्ड’. कामावरच्या मुलाने प्ले आणि रेकॉर्ड दोन्ही बटणं दाबली. डेकमध्ये टेप आधी पुसणाऱ्या इरेज हेडवरून जाते, मग रेकॉर्ड हेडवर. चाळीसेक सेकंदांचा आलाप गेला, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन टॅब तोडलेले असते तर रेकॉर्डचं बटण दाबलंच गेलं नसतं.

म्हणून आधी टॅब तोडा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्पीकरसमोर मोबाइल धरू नका, डेकच्या लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटमधून, वायर घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि सर्वांत जोरकस तानेलाही पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज दबका वाटला तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, मोकळी झाली की थांबा. तिथे घाई करू नका, सगळं काम त्या स्क्रूवर आहे.

वेग तपासाच. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालायला हवी. डेक ६ टक्के जलद असला तर काळी एकची गायकी अर्धा सूर चढून पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आणि घरचे म्हणतात, आजोबांचा आवाज असा नव्हता. टेपवर विजेची गुणगुण असेल तर ती सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रम आलेखात ५० हर्ट्झला दिसायला हवी. ५३ दिसली तर डेक पळतोय. मात्र मूळ रेकॉर्डरच बॅटरीवर मंद चालला असेल तर डेक बरोबर असूनही सूर चढतो. आणि तुमच्या डेकची स्वतःची गुणगुण नेहमी ५०च दाखवेल, तिला धरून बसू नका.

दुकानात द्यायचीच झाली तर पावतीवर लिहून घ्या: ‘उतरवणे. मूळ पुसू नये.’