अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोणाच्या हाताखाली?

मॅडम, या वयात लाईन बदलायची म्हणजे उशीर झाला का हो? चाळिशी ओलांडलेली माणसं माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन, आणि त्याला चिकटून लगेच दुसरं वाक्य, घर कसं चालणार. ईएमआय, मुलांची फी, आईची औषधं. ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण पैशाबद्दल बोलायला लाज वाटत नाही म्हणून माणसं पैशाबद्दलच बोलत राहतात आणि घोडं अडलेलं असतं भलतीकडेच, असं मला बऱ्याचदा दिसलंय. त्यातली एक केस लिहिते. परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि नावाऐवजी फोरमनसाहेब म्हणते कारण गावात लोक त्यांना अजून तसंच हाक मारतात.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, वय ४८. बाविसाव्या वर्षी खाणीवर मेकॅनिक म्हणून लागले आणि मशिनरी मेंटेनन्सचे फोरमन झाले. मग २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद, २०१५ ला जरा सुरू, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. गोव्याबाहेरच्यांना कल्पना येणार नाही, पण डिचोली, साखळी, सत्तरी, सांगे या भागात ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहावाले सगळे एकदमच बसले. आणि त्याहून वाईट म्हणजे वाट बघणं. पुढच्या सीझनला चालू होणार, निवडणुकीनंतर चालू होणार, असं म्हणत म्हणत लोकांची वर्षं गेली. फोरमनसाहेब दोन वर्षं तसेच थांबले, सेव्हिंग संपत आलं तेव्हा २०२० मध्ये एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून लागले. गाड्या मोजायच्या, रजिस्टर भरायचं. हाताला काळं ग्रीस लागलं नाही तर त्यांना दिवस गेल्यासारखा वाटत नाही, आणि इथे दिवसभर पेन.

माझ्याकडे आले २०२५ च्या सुरुवातीला. त्यांना एसी रिपेअरिंगमध्ये जायचं होतं. कल्पना अजिबात वेडी नव्हती. कांदोळी-कळंगुटकडे हॉटेलं, गेस्टहाऊस, भाड्याचे फ्लॅट, सगळीकडे एसी, आणि खाऱ्या हवेने आउटडोअर युनिटची कॉइल गंजते म्हणजे काम संपत नाही. हायड्रॉलिक लाईनचं लीक शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रेशर, पाईप, जोड काय शिकवायचे? नवीन होतं ते इन्व्हर्टर एसीचं पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, आणि गॅस. आता नवीन मशिनमध्ये आर-३२ येतो, तो थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे जुन्या सवयीने काम करून चालत नाही, कोणाकडे तरी राहून शिकावंच लागतं.

पहिल्या भेटीत एक वही घेऊन आले होते. घरखर्च, मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे तिचा खर्च, लोन, सगळं महिन्यावार. मी ती वही बघून मनात म्हटलं, ज्याने एवढा हिशेब केलाय तो हिशेबासाठी अडलेला नाही. पण ते बोलत होते पैशावरच, म्हणून आधी तेच घेतलं. दोन गोष्टी त्यांना माहीतच नव्हत्या. एक, खाणीवरच्या नोकरीचा पीएफ काढला तेव्हा पेन्शनही गेलं असं ते धरून चालले होते. दहा वर्षांच्या वर सर्व्हिस असेल तर पेन्शनचा भाग रोख काढता येत नाही, तो राहतो आणि ५८ ला सुरू होतो, पन्नाशीनंतर आधीही घेता येतो पण मग दर वर्षामागे ४ टक्के कट. पीएफ ऑफिसला जाऊन खात्री करून घ्या म्हटलं, तर निघालं खरंच. दुसरं, गोडाऊनमध्ये ते कायम रोलवर होते आणि साडेचार वर्षं होत आली होती. पाच पूर्ण केली की ग्रॅच्युइटी, शेवटच्या बेसिकचे १५ दिवस गुणिले वर्षं, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. बेसिक १८,००० धरलं तर साधारण ५२ हजार होतात. सप्टेंबरपर्यंत थांबायला काय जातंय? रागाच्या भरात दोन-चार महिने आधी राजीनामा देऊन मोकळे झालेले लोक मी बघितलेत.

तर पैशाचा प्रश्न बराचसा सुटला आणि फोरमनसाहेब तिथेच बसून राहिले. बघतो, विचार करतो, गुडघा दुखतो, तिकडे ट्रॅफिक फार. २०२४ मध्ये डिचोलीला खाणकाम पुन्हा सुरू झालं होतं, त्याचंही एक निमित्त झालं. कदाचित बोलावतील.

मग एकदा बायकोला घेऊन या म्हटलं. ती बाई पाचएक मिनिटं गप्प होती, नंतर म्हणाली, मॅडम, तुम्ही हिशेब कसले करता, एसीचं काम शिकवणारा मुलगा वाड्यावरचाच आहे, अठ्ठावीस वर्षांचा, आणि त्याचा बाप यांच्या हाताखाली ऑपरेटर होता. ह्यांना त्याच्या मागे टूल बॅग घेऊन चालायचं नाहीये.

फोरमनसाहेब खिडकीकडे बघत म्हणाले, देवळात जत्रेला उभा राहिलो तर लोक काय म्हणणार सांगा.

मुंबईत असते तर गोष्ट वेगळी. तिथे डोंबिवलीतला माणूस अंधेरीत कोणाचा हेल्पर आहे हे कोणाला कळतंय. आमच्याकडे तुम्ही कुठल्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलात हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला माहीत. त्यामुळे लोकांचं मनावर घेऊ नका हा सल्ला मी देत नाही, तो फुकट असतो. जी गोष्ट माणसाला टोचते ती टोचतेच. माझं म्हणणं एवढंच की ती टोचणी वहीत ईएमआयच्या शेजारी लिहा, तीही एक किंमत आहे, आणि मग परवडते का बघा.

त्यांना मी विचारलं, तुम्ही खाणीवर लागलात तेव्हा शिकवलं कोणी? एक म्हातारा मेकॅनिक, म्हणाले, सही पण नीट येत नव्हती त्याला. आणि नंतर डिप्लोमावाली पोरं वरच्या पोस्टवर यायची त्यांना तुम्हीच शिकवलंत ना? हो. म्हणजे वय, पोस्ट आणि शिकवणारा ह्यांची फारकत त्यांनी आयुष्यभर बघितली होती, फक्त स्वतः शिकणाऱ्याच्या जागी परत उभं राहायचं म्हटल्यावर जड जात होतं. हे ऐकून त्यांना काही साक्षात्कार वगैरे झाला नाही, हसले आणि गेले. पण नोकरी न सोडता फक्त रविवारी जायचं, मार्च ते मे, एवढं कबूल केलं.

आणि इथे जे झालं ते मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. अडचण त्या मुलाची पण होती! तो त्यांना काका म्हणायचा, लहानपणी त्यांच्या हातून चॉकलेट खाल्लेलं. काकांनी एका जोडाचं फ्लेअरिंग, म्हणजे पाईपचं तोंड फाकवून बसवणं, थोडं तिरकं केलं ते त्याने बघितलं आणि गप्प बसला, कारण काकांना कसं सांगायचं. आठवड्यात गॅस गेला, गेस्टहाऊसवाल्याने त्या मुलालाच फैलावर घेतलं. चाळिशीनंतर शिकायला जाणारा माणूस स्वतःच्या मानाचा विचार करतो, पण त्याला शिकवणाऱ्या पोराच्या डोक्यावर केवढा भार असतो ह्याचा विचार कोणी करत नाही. तोच लहान, आणि चुका त्यानेच काढायच्या.

मी सुचवलं की पहिलं पाऊल मोठ्याने टाकावं, मुलाकडून अपेक्षा धरू नये. मग फोरमनसाहेबांनी स्वतःच त्याला सांगितलं, कामावर असताना तू साहेब, चुकलं तर तिथल्या तिथे तोंडावर सांग, घरी आलो की मी काका. गिऱ्हाईकाशी बोलणार तू, बिल तू देणार, मला प्रत्येक कामामागे अमुक रुपये. हे पैशाचं पण आधीच बोलून घ्या म्हणून मी मागे लागले होते, कारण ओळखीत हिशेब ठरत नाहीत आणि मग त्याच ओळखीतून कटकट होते.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे भाऊ मूळ घरी जमले, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधता बांधता विषय निघालाच. थोरल्या भावाने सांगितलं, खाणी चालू होतायत, थांब जरा. वहिनीने विचारलं, खरंच त्या पोराकडे काम करता? हे म्हणाले, हो, शिकतोय. एवढंच. बायको नंतर मला म्हणाली, मी आतून नारळ खवत ऐकत होते, मला वाटलं आता आवाज चढणार, पण नाही चढला.

सप्टेंबरमध्ये पाच वर्षं भरली, ग्रॅच्युइटीचा अर्ज टाकला आणि नोकरी सोडली. सगळं छान झालं असं लिहिणार नाही. पावसाळ्यानंतरचे पहिले दोन महिने गोडाऊनच्या पगारापेक्षा कमी आले, डिसेंबरात जास्त. गुडघा दुखतो हे निमित्त नव्हतं, खरंच दुखतो, शिडीवर तो मुलगा चढतो आणि खाली पीसीबी उघडून हे बसतात. प्रत्येकाला असा मुलगा मिळणार नाही हेही खरं. आणि ज्यांच्या घरात एकाच पगारावर सहा माणसं आहेत आणि हाताशी सहा महिन्यांचा खर्च नाही, त्यांना मी आजही सांगते की आधी तो साठवा, रविवार आहेतच.

आता त्यांना सेकंडहँड व्हॅन घ्यायची आहे, गोवा सरकारच्या ईडीसी महामंडळाच्या मुख्यमंत्री रोजगार योजनेतून लोन मिळेल का ते बघतायत. मी म्हटलं अख्खा एक पावसाळा या धंद्यावर काढून बघा, जुलैचा गल्ला हातात येऊ दे, मग लोन. त्यावरून सध्या थोडे रागावलेत माझ्यावर.