वाचकांचे प्रश्न : कानातले थेंब

प्रश्न : मलप्रभेत पोहून आल्यापासून माझ्या बारा वर्षांच्या मुलाचा कान ठणकत होता, पाळी ओढली तरी ओरडायचा. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिनचे (अँटिबायोटिक) थेंब सात दिवसांसाठी दिले. दोन दिवसांत दुखणं कमी झालं, पण थेंब बाहेरच ओघळतात. आता बंद करू का? सासूबाई लसणीचं तेल घाला म्हणतात.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : बंद करू नका. ठणका आधी जातो, जंतू मागाहून. सात दिवस पुरे करा.

थेंब ओघळतात, कारण बहुतेक घरांत मूल बसलेलं असतानाच ते घातले जातात. बाटली दोन मिनिटं मुठीत धरा. गार थेंबांनी गरगरतं. मुलाला दुखरा कान वर करून कुशीवर निजवा. बाहेर आलेला स्राव कापसाने टिपा, आत काडी नको. पाळी वर आणि मागे ओढली की वाकडी नळी सरळ होते (तीन वर्षांच्या आतल्या मुलाची पाळी खाली आणि मागे). बाटलीचं टोक कानाला न टेकवता, सांगितले तेवढेच थेंब नळीच्या कडेने सोडा. म्हणजे आतली हवा बाहेर निघते. मग कानाच्या तोंडापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा हलका दाबा आणि पाच मिनिटं तसंच निजू द्या. एवढं करूनही थेंब वरच राहिले तर नळी सुजून बंद झाली असेल. डॉक्टर आत वात बसवतात, तिच्यातून औषध झिरपतं.

अंघोळीपुरता व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घाला, नंतर काढा. पोहणं आठ-दहा दिवस बंद. तेल अजिबात नको : लसणीने आधीच सोललेली कातडी भाजते, आणि पडद्याला भोक असेल तर तेल मधल्या कानात उतरतं.

प्रश्न : मला मधुमेह आहे. पावसाळ्यात कान खाजतो, काळे ठिपके दिसतात. गेल्या वर्षीचे थेंब उरलेत, घालू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नको. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकायची असते. शिवाय ही खाज बहुधा बुरशीची. अँटिबायोटिकने ती उलट फोफावते. कान साफ करून क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशी मारणारे थेंब लागतात, पण ते तपासणीनंतर. बाटलीवर निओमायसिन किंवा जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं नाव असेल आणि पडदा फाटलेला असेल, तर ऐकूच कमी येऊ शकतं. मधुमेह असताना रात्री झोप मोडणारा ठणका लागला किंवा तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी बेळगावला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत गेलेला असू शकतो.