दिवाळीनंतर अंडी निम्म्यावर? आधी बल्बची वेळ तपासा

दादा, होटगी रस्त्यावरच्या शेडमध्ये दीडशे लेयर (अंड्यांवरच्या कोंबड्या), खाद्य तेच, आजार दिसत नाही, अंडी निम्मी आणि बल्ब शेतीपंपाच्या लाईनवर, असं तुम्ही लिहिलंय. लाईनचं वाचलं आणि लिहायला बसलो, कारण आमचा अख्खा हिवाळा याच लाईनपायी गेला. सल्ला घ्यायला गेलो त्या ठिकाणी जंताचं औषध आणि कॅल्शियम हातात ठेवलं. बल्ब कधी लागतो, कधी जातो, हे कुणी विचारलंच नाही. राग अजून आहे.

सोलापुरात डिसेंबरचा दिवस जेमतेम 11 तासांचा. लेयरला 15-16 तास उजेड हवा. तो डोळ्यांतून तर जातोच, पण कवटीतून थेट मेंदूतल्या पेशींपर्यंतही पोचतो. तिथून पीयूष ग्रंथी जागी होते आणि तिच्या हार्मोनवर अंडाशय चालतं. मेंदू नुसते तास मोजत नाही. पहाट झाल्यावर साधारण 11 ते 15 तासांनी उजेड दिसला, तर तो दिवस मोठा धरतो.

आता तुमची लाईन बघा. शेतीपंपाला वीज पाळीनं मिळते. पाळी रात्रीची असली की बल्ब रात्रभर, दिवसाची आली की सहालाच काळोख. मोठा झालेला दिवस असा एकदम आखडला की अंडाशय आवरतं घेतं, पिसं गळू लागतात. रात्रभर उजेड ठेवण्यानंही भलं होत नाही, अंडी घालायची वेळ विस्कटते.

माझ्या मते शेडचा उजेड त्या लाईनवरून काढाच. 300 चौरस फुटांना 5 वॅटचे तीन पिवळसर 12 व्होल्ट एलईडी, 20 अँपिअर-तासाची बॅटरी, 40 वॅटचं सोलर पॅनल. बल्ब पहाटे 4 ते उजाडेपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. जूनमध्येही सूर्य सव्वासातच्या आत मावळतो, त्यामुळे बंद करायची वेळ वर्षभर हलवावी लागत नाही. मात्र आज 11 तासांवर असाल तर एकदम उडी नको, आठवड्याला अर्धा तास वाढवा. टायमर डिजिटल, आत स्वतःची बॅटरी असलेलाच घ्या. काट्याचा टायमर लाईट गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. चार दिवसांत बल्ब भरदुपारी जळतो. बल्बवरची धूळ दर आठवड्याला पुसा.

फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतील. खुडूक बसलेल्या कोंबडीला याचा उपयोग नाही. 18 आठवड्यांखालच्या तलंगांना जादा उजेड देऊ नका, अंडी लवकर पण बारीक येतात आणि अंग बाहेर येतं. मी डॉक्टर नाही. अंडी दोन दिवसांत धाडकन पडली, कवच मऊ आलं किंवा घरघर ऐकू आली, तर तो उजेडाचा प्रश्न नाही, पशुवैद्य गाठा.

त्याच शेडच्या कोपऱ्यातली पांढऱ्या उंदरांची जोडी पिल्लं देत नाही म्हणालात, तिलाही हाच रात्रभरचा बल्ब नडत असणार. मादीचा माज 4-5 दिवसांनी येतो आणि त्याची वेळ उजेड-अंधारावर ठरते. सतत उजेडात हे चक्र बिघडतं, बीज सुटणं थांबूही शकतं. पिंजरा वेगळ्या खोलीत हलवा, 12 तास उजेड आणि 12 तास पक्का अंधार, मधे टॉर्चही मारू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली अजिबात ठेवू नका, तापमान 30 अंशांच्या वर राहिलं की नराचं बीज कमजोर पडतं.